लेणी, किल्ला आणि पाणवठा : बालकांच्या नागरिक-शिक्षणाचा एक विचार

इतिहास म्हणजे राजांचा इतिहास, हा समज आपल्या शालेय शिक्षणाने दीर्घकाळ जोपासला आहे. किल्ला पाहिला की तो कोणी बांधला व कोणी जिंकला, लेणे पाहिले की ते कोणत्या राजवटीत कोरले गेले, एवढे सांगून शिक्षक पुढच्या ठिकाणाकडे वळतात आणि मुलेही तेवढेच पाठ करून परीक्षेला बसतात. दुसरीकडे नागरिकशास्त्राच्या तासाला स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द शिकविले जातात. पण ते शब्द डोळ्यांनी पाहता येतील, हातांनी चाचपता येतील असे एकही ठिकाण मुलांना दाखविले जात नाही. अशा रीतीने इतिहासाला मूल्य उरत नाही आणि मूल्याला इतिहास उरत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या दोन्ही विषयांचा सांधा जुळविण्याचा प्रयत्न करीत आहोत. आपल्या परिसरातील जुन्या वास्तू या नागरिकत्वाच्या पाठशाळा होऊ शकतात, परंतु त्यांच्यासमोर उभे राहून योग्य प्रश्न विचारले गेले तरच, हे आमचे प्रतिपादन आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून आम्ही एक निश्चित प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठा डोंगररांगेच्या सान्निध्यात धावडा हे गाव आहे. येथून अजिंठा गाव व तेथून घाट उतरून फर्दापूर आणि वाघूर नदीच्या काठावरील जगप्रसिद्ध लेणी फार दूर नाहीत. तालुक्याचे ठिकाण भोकरदन हे सातवाहनकालीन नगर आहे. याच तालुक्यात अन्वा येथे मध्ययुगीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. वेरूळ आणि दौलताबाद येथेही दिवसाच्या सहलीत जाऊन येता येते. धावड्यातील किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याही गावातील मुलाला दोन हजार वर्षांचा इतिहास दगडात कोरलेला असा हाताशी मिळतो. या संपन्नतेचा उपयोग आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

भोगवर्धन : आपल्या तालुक्याचे जुने नाव

प्रारंभ भोकरदनपासून करावा. केळना नदीच्या काठी वसलेल्या या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. १९७३ साली नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांच्या नावे त्याचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील वस्ती, नाणी, मणी अशा अवशेषांबरोबर येथे एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमाही मिळाली. इटलीतील पाँपेई हे नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्याच्या अवशेषांत १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तिचे आणि भोकरदनच्या प्रतिमेचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आज ज्या गावाच्या आठवडी बाजारात आपण जातो, त्या गावाचा दोन हजार वर्षांपूर्वीच्या समुद्रापलीकडील व्यापाराशी असा संबंध जोडता येतो, ही गोष्ट मुलाच्या मनात कुतूहल निर्माण केल्याशिवाय राहणार नाही.

परंतु आमच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट सांचीला आहे. सांचीच्या महास्तूपाभोवतीच्या कठड्यांवर व फरसबंदीवर शेकडो लहान लहान दानलेख कोरलेले आहेत. त्यांत भोगवर्धनाहून आलेल्या दात्यांचेही लेख आहेत. शेकडो किलोमीटर अंतरावरील स्तूपासाठी येथील माणसांनी आपल्या मिळकतीतील वाटा दिला आणि दानाबरोबर आपल्या गावाचे नाव कोरून घेतले. त्या काळी ना रेल्वे होती ना टपाल. होती ती संघाची चारिका, व्यापाऱ्यांचे तांडे आणि सर्वांनी मिळून काही उभे करावयाचे आहे ही जाणीव. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी तेथील शिल्पकाम केल्याचा लेख आहे. राजाचे नाव न घेता कारागिरांच्या समूहाचे नाव घेणारा हा लेख मुलांना आवर्जून सांगितला पाहिजे.

दान देणारे कोण होते?

महाराष्ट्रातील लेण्यांकडे या दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण समाजचित्र उभे राहते. कन्नड तालुक्यातील पितळखोरा येथे प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गंधिकाच्या कुळाने एक स्तंभ दान दिल्याचा लेख आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. मागिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबातील व्यक्तींची दानेही तेथे आहेत. तेथेच मिळालेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून ती कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविल्याचे तिच्या हातावर लिहिलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने आपल्या कामाची नोंद ठेवली आहे. त्याच चैत्यगृहातील अनेक स्तंभ यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन येथे स्थिरावलेल्या लोकांनी, दिलेले आहेत. नाशिकच्या लेण्यांतील चैत्यगृहाच्या दारावर धंभिक नावाच्या संपूर्ण गावाच्या दानाचा लेख आहे. भिक्षुणींची व गृहस्थ स्त्रियांची नावे तर महाराष्ट्रातील लेण्यांत ठिकठिकाणी आढळतात.

या लेखांतून मुलांना कोणता धडा मिळतो? पहिला धडा असा की, सार्वजनिक वास्तू ही लोकांच्या वर्गणीतून उभी राहते. एक माणूस संपूर्ण लेणे कोरू शकत नाही. पण एक जण स्तंभ देऊ शकतो, दुसरा दार, तिसरा पाण्याचे टाके, चौथा भिक्षूंसाठी एक खोली. आज आपण ज्याला कर म्हणतो, आणि ज्यातून शाळा, रस्ता, दवाखाना उभा राहतो, त्या कल्पनेचे बीज मुलांना येथे दाखविता येते. दुसरा धडा असा की, श्रमाला नाव आहे. पुढील काळात वर्णव्यवस्थेने ज्यांच्या हातांना हीन ठरविले त्या सुताराचे आणि घडणावळ करणाऱ्याचे नाव येथे आदराने कोरले गेले आहे. तिसरा धडा अजिंठ्याच्या उत्तरकालीन दानलेखांत मिळतो. दात्याने केवळ स्वतःसाठी काही मागितलेले नसते. दानाचे पुण्य मातापित्यांना आणि सर्व प्राणिमात्रांना मिळावे, अशी इच्छा तेथे वारंवार व्यक्त होते. सार्वजनिक हिताची भावना पुस्तकातून समजावून सांगण्यास वेळ लागतो; येथे ती दगडावर वाचता येते.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लेण्यांचा काळ म्हणजे संपूर्ण समतेचा काळ होता, असे मुलांना सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव प्रथम राजवंशाची स्तुती करतो आणि मग आपल्या दानाचे वर्णन करतो. त्या लेण्याची खिडक्या-दारे, चित्रे, सुंदर स्तंभ, बुद्धाचे मंदिर आणि विपुल पाण्याचा मोठा साठा यांचा त्यात उल्लेख आहे. परंतु छिन्नी-हातोडी घेऊन जे वर्षानुवर्षे खडकाशी झुंजले त्यांची नावे त्या लेखात नाहीत. ही उणीव मुलांना दाखवून द्यावी. ज्यांची नावे कोरली गेली त्यांच्याबद्दल आदर आणि ज्यांची कोरली गेली नाहीत त्यांच्याबद्दल प्रश्न, या दोन्ही गोष्टी मुलाच्या मनात एकाच वेळी जाग्या झाल्या तर तो इतिहासाचा खरा विद्यार्थी झाला, असे आम्ही मानतो.

लेणे क्रमांक १० मधील दोन नावे

अजिंठ्याचे लेणे क्रमांक १० हे तेथील सर्वांत प्राचीन चैत्यगृहांपैकी एक आहे. त्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत वासिठीपुत्र कटहादि याच्या दानाचा लेख आहे. लेण्याचा दर्शनी भाग त्याने दान दिला, एवढेच तो लेख सांगतो. जवळच्या बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. या माणसांविषयी आपल्याला याहून अधिक काही ठाऊक नाही. तरीही दोन हजार वर्षांनंतर त्यांची नावे आपण घेतो, कारण त्यांनी काहीतरी दिले.

याच दहाव्या लेण्याच्या आत आणखी एक नाव आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्याच्या २८ व्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. बाहेरच्या जगाला विस्मृत झालेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली आणि तेव्हापासून त्यांचा आधुनिक अभ्यास सुरू झाला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु आत शिरल्यावर त्याने एका स्तंभावरील चित्रावर आपले नाव व तारीख खरवडून ठेवली. त्या ओरखड्यांखाली प्राचीन चित्रकाराचे काम आहे. ज्याने वास्तू जगासमोर आणली त्यानेच तिच्यावर पहिली आधुनिक जखम केली.

एकाच लेण्यातील ही दोन नावे मुलांना शेजारी शेजारी दाखवावीत आणि मग विचारावे : या दोन नावांत फरक कोणता? आमची खात्री आहे की, दहा वर्षांचे मूलही याचे उत्तर देईल. एकाने दिले आणि मग लिहिले; दुसऱ्याने काहीही न देता, दुसऱ्याच्या कामावर लिहिले. हा भेद एकदा समजला की, लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने व खिळ्याने नावे लिहिणाऱ्या आपल्याच पर्यटकांविषयी मुलांना वेगळे प्रवचन देण्याची गरज उरत नाही. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाला इजा करणे हा गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढून दोन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी झाली आहे, हेही मुलांना सांगावे. परंतु कायद्याच्या भीतीने हात आखडणारा आणि समजुतीने हात आवरणारा, या दोघांत दुसराच खरा नागरिक होय. तथागतांच्या शिकवणीतील शील हे असेच आहे. ते बाहेरून लादलेले नसून जाणिवेतून स्वीकारलेले असते.

दौलताबादचे तळे

आतापर्यंत आम्ही दानाचा विचार केला. नागरिकत्वाची दुसरी बाजू प्रवेशाची आहे. वास्तू कोणी उभारली, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की, तिच्यात कोणाला जाता येत होते? या प्रश्नाचे उत्तर अजिंठ्यात मिळत नाही. ते दौलताबादच्या प्रवेशद्वारापाशी मिळते.

१९३४ सालची घटना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याच्या हेतूने नाशिकहून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघाले होते. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. प्रवासाच्या धुळीने सर्वांचे चेहरे व कपडे माखले होते. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेले एक लहान तळे होते आणि त्याच्या कडेने रुंद फरसबंदी होती. काही जणांनी तेथे हात-पाय व तोंड धुतले. मंडळी दाराशी जाऊन आत जाण्याच्या परवानगीविषयी चौकशी करीत आहेत तोच एक वृद्ध गृहस्थ, अस्पृश्यांनी तळे बाटविले असे ओरडत मागून आला. पाहता पाहता जमाव जमला आणि प्रकरण हातघाईवर येते की काय, अशी स्थिती झाली. बाबासाहेबांनी त्यांना खडसावून विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवितो काय आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही पाण्यापासून अडवाल काय? जमाव निरुत्तर झाला. अखेर आत जाण्याची अनुमती मिळाली, पण एका अटीवर : किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही. अट मोडली जाऊ नये म्हणून एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांच्या निधनानंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. कोलंबिया विद्यापीठाची आणि लंडनची सर्वोच्च पदवी मिळविलेला, गोलमेज परिषदांत देशातील कोट्यवधी अस्पृश्यांची बाजू मांडून आलेला विद्वान एका ऐतिहासिक वास्तूच्या दाराशी उभा आहे आणि त्याच्या विद्वत्तेकडे नव्हे तर त्याच्या हाताच्या स्पर्शाकडे पहारेकऱ्याचे लक्ष आहे. दौलताबादला जाणाऱ्या प्रत्येक सहलीत यादवांची राजधानी, अंधारी वाट आणि मेंढा तोफ यांच्या बरोबरीने ही घटना सांगितली गेली पाहिजे. ती सांगितली जात नसेल तर मुलांना किल्ल्याचा अर्धाच इतिहास मिळतो.

ही घटना सांगताना शिक्षकाने एक भान मात्र ठेवावे. एखाद्या धर्माविषयी मुलांच्या मनात द्वेष पेरण्यासाठी तिचा उपयोग होता कामा नये. अस्पृश्यतेचा रोग धर्माच्या सीमा ओलांडून सर्वत्र पसरला होता, हे दाखविण्यासाठी बाबासाहेबांनी तो प्रसंग नोंदविला. त्याच टिपणांत त्यांनी आपल्या बालपणीच्या शाळेचीही आठवण दिली आहे. तेथे तहान लागली तर शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय त्यांना पाणी मिळत नसे. शाळा ही तर सरकारी इमारत. पण तिच्यातील नळ सर्वांचा नव्हता. रोग जातीचा आहे. त्याचे निदान अचूक झाले पाहिजे.

तळ्यापासून संविधानापर्यंत

दौलताबादच्या घटनेच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांनी पाणी प्राशन केले होते. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला होता. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो सांगत होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरीही हक्क कागदावरच राहिला आणि तो प्रत्यक्षात आणण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे हा वाद न्यायालयात गेला व मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ठराव, सत्याग्रह आणि न्यायालय हे नागरिकाचे तीन मार्ग एका तळ्याच्या काठावर मुलांना समजावून सांगता येतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या अनुच्छेद १५ मध्ये स्पष्ट शब्दांत विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला त्यांच्या वापरापासून रोखता येणार नाही. संविधानासारख्या गंभीर दस्तऐवजात विहिरीचे आणि तलावाचे नाव का आले, असे मूल विचारील तेव्हा त्याला महाडच्या आणि दौलताबादच्या तळ्याकडे बोट दाखवावे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क ने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले.

या अनुच्छेदांचा क्रम अर्थपूर्ण आहे, असे आम्हाला वाटते. हक्क आधी आला, कर्तव्य नंतर आले. ज्याला तळ्याला शिवण्याची मुभा नव्हती त्याच्याकडून तळ्याच्या स्वच्छतेची अपेक्षा करणे हा अन्यायच होता. आज ती मुभा आहे. म्हणून आज कर्तव्यही आहे. ज्या किल्ल्यात बाबासाहेबांच्या मागे बंदूकधारी शिपाई चालत होता, त्याच किल्ल्यात आज धावड्याचे मूल कोणाच्याही पहाऱ्याशिवाय फिरते. हे स्वातंत्र्य कोणी मिळवून दिले, हे त्या मुलाला ठाऊक असले पाहिजे.

गावातील वास्तूंचे वाचन

प्रत्येक सहल दूर जाणे शक्य नसते, आणि त्याची गरजही नाही. आपले गाव हीच एक वास्तू आहे. मराठवाड्यातील जुन्या गावांत वेस, गढी, बारव, पार, चावडी यांपैकी काही ना काही शिल्लक असते. मुलांना गावाचा नकाशा काढावयास सांगावा. वेशीच्या आत कोणती घरे होती, वेशीबाहेर कोणती होती? सर्वांत जुनी विहीर कोणत्या आळीत आहे आणि तिच्यावर पूर्वी कोण पाणी भरीत असे? आपल्या वस्तीसाठी पहिली विहीर, पहिला नळ, पहिला रस्ता, पहिला विजेचा दिवा केव्हा आला? समाजमंदिर वा विहार कोणाच्या वर्गणीतून बांधला गेला? ही उत्तरे छापील पुस्तकात सापडणार नाहीत. ती घरातील आजी-आजोबांना विचारावी लागतील. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली म्हणजे गावाचा एक अलिखित इतिहास लिहिला जाईल.

विहाराच्या बांधकामाची नोंद तर आवर्जून करावी. अनेक गावांत एकाने विटा दिल्या, दुसऱ्याने वाळू वाहिली, स्त्रियांनी मजुरीतून पैसे बाजूला काढले, शहरात गेलेल्या तरुणांनी पगारातून वर्गणी पाठविली. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या माणसांनी सांचीसाठी जे केले तेच हे आहे. भिंतीवरील संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे वाचताना मुलाला कटहादि आणि मितदेव आठवले पाहिजेत. त्याच वेळी ज्यांनी केवळ श्रम दिले त्यांची नावे पाटीवर आहेत काय, असेही त्याने विचारले पाहिजे.

पाच प्रश्न

बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय स्थापन केले आणि पुढे त्याला मिलिंद राजाचे, तर त्याच्या परिसराला भन्ते नागसेनांचे नाव दिले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू, या जोडीच्या नावाने मराठवाड्यातील वंचितांच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला. वास्तूंचे शिक्षणही याच रीतीने व्हावे. बालसंस्कार वर्गांसाठी आम्ही पाच साधे प्रश्न सुचवितो. ही वास्तू कशासाठी उभारली? तिचा खर्च कोणी केला? श्रम कोणी केले? तिच्यात कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता? आज ती कोणाची आहे आणि तिचे रक्षण कोण करते?

हे पाच प्रश्न सर्वच वास्तूंना विचारावेत. अजिंठ्याला विचारावेत, तसेच अन्व्याच्या मंदिराला, भोकरदनच्या वैष्णव लेण्याला आणि दौलताबादच्या चांद मिनारालाही विचारावेत. वेरूळला ३४ लेणी आहेत. त्यांत १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी आणि ३० ते ३४ जैन आहेत. एकाच डोंगराच्या कुशीत तीन परंपरांनी आपापले कोरीव काम केले, हे पाहूनच मुलाला सहजीवनाचा अर्थ कळतो. बौद्ध लेण्यांचा अभिमान आपल्या मुलांना असावा, यात शंका नाही. आपल्या पूर्वजांचा वैभवशाली वारसा हिरावून घेतला गेला होता, तो पुन्हा ओळखणे हा धम्मक्रांतीचाच एक भाग आहे. परंतु अभिमान सत्याच्या पायावर उभा असावा. कालामांना दिलेल्या उपदेशात तथागतांनी केवळ परंपरा आहे म्हणून काही मानू नका, असे सांगितले. तो नियम आपल्या स्वतःच्या गौरवकथांनाही लागू आहे. जो शिलालेख आहे तो वाचावा, जो नाही तो कल्पनेने लिहू नये.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही आपली तत्त्वत्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नसून ती आपल्या गुरूच्या, भगवान बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतलेली आहे. त्या शिकवणुकीचे दगडी अवशेष आमच्या गावांच्या अवतीभवती आहेत आणि ती पायदळी तुडविली गेल्याचे पुरावेही तेथेच आहेत. मुलांना दोन्ही दाखविण्याचे उत्तरदायित्व विहारांवर, शिक्षकांवर आणि माता-पित्यांवर आहे.

येत्या वर्षावासानंतर ज्या विहारांतून लेणी-सहली निघतील त्यांनी मुलांच्या हाती एक कोरी वही आणि हे पाच प्रश्न द्यावेत, अशी आमची विनंती आहे. सहलीहून परतल्यावर वह्या वाचून दाखविण्याचा कार्यक्रम विहारात ठेवावा आणि त्याला गावातील सर्व समाजांच्या मुलांना व पालकांना निमंत्रण द्यावे. मुले जे लिहून आणतील त्यातून मोठ्यांनाही पुष्कळ शिकावयास मिळेल.